खंडेनवमीनंतर टिकेल का? रेडीमेड फाइव्ह एस किटचं परीक्षण

खंडेनवमीला सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडमध्ये डोकावून बघा. लेथचा बेड डिझेलनं पुसून लख्ख केलेला, व्हाइसला झेंडूची माळ, ड्रिलच्या कॉलमला हळदकुंकू, कॉम्प्रेसरच्या मागची वर्षभराची घाणसुद्धा झाडून काढलेली. त्या दिवशी कुणालाही फाइव्ह एस, म्हणजे कामाची जागा आवरून तशीच ठेवायची जपानी पद्धत, शिकवावी लागत नाही. मग वीसेक दिवसांत दिवाळी येते, आणि बोनस वाटेपर्यंत चकची चावी पुन्हा शोधावी लागते. आवरायचं कसं हे सगळ्यांना येतं. आवरलेलं तसंच राहत नाही, हे दुखणं आहे. त्यामुळं 'वर्कशॉप बदला' म्हणून विकल्या जाणाऱ्या किटमधली प्रत्येक वस्तू आम्ही एकाच प्रश्नावर तपासली: नव्वदाव्या दिवशी हिचा उपयोग काय?

अशा किटमध्ये साधारण काय येतं ते आधी बघू. दोऱ्यासकट १०० लाल टॅग, ४८ मिमी रुंदीच्या पिवळ्या टेपचे ३३ मीटरचे दोन रोल, हत्यारांसाठी ३ बाय २ फुटांचा दोन रंगी फोम (वरचा थर हत्याराच्या आकारात कापला की खालचा रंग दिसतो असा), लेबलं, पाच जपानी शब्दांचं पोस्टर, ५० प्रश्नांचा ऑडिट तक्ता, ४ बाय ३ फुटांचा पांढरा बोर्ड, '२१ दिवसांचं चॅलेंज' असा छापील कागद आणि विक्रेत्याच्या माणसाचं अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग. मोजमापासाठी आम्ही ४० बाय ५० फुटांची, म्हणजे २,००० चौरस फुटांची शेड धरली आहे. आठ मशिनं, दहा-बारा माणसं. कुपवाड-मिरजेकडची जॉबवर्कची शेड बहुधा याच्याच आसपास असते.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे लाल टॅग. नको असलेल्या प्रत्येक वस्तूला टॅग लावायचा आणि ती ठरलेल्या जागी नेऊन ठेवायची, एवढंच काम. टॅगवर वस्तू, नग, तारीख, कारण, निर्णय असे रकाने आहेत. निर्णय कधीपर्यंत घ्यायचा, तो रकाना मात्र नाही. या एका उणिवेपायी तिसऱ्या महिन्यात लाल टॅगचा कोपरा म्हणजे अधिकृत अडगळ होऊन बसतो. आधी अडगळ शेडभर पसरलेली असायची, आता तिला पाटी मिळते, इतकाच फरक. इलाज पेनानं होतो. टॅगच्या मागं शेवटची तारीख लिहा, लावल्यापासून ३० दिवसांची. टॅगला नंबर द्या आणि शंभर पानी वहीत नोंद ठेवा. कोपऱ्याला ६ बाय ४ फूट जागा, एक इंचही जास्त नाही. ती भरली की नवा टॅग बंद, आधी जुन्याचा निकाल. निकाल देणारा माणूस एकच असावा, वार ठरलेला असावा आणि १५ मिनिटांत काम उरकावं. दोघांना विचारायचं ठरलं की 'असू दे, कधीतरी लागंल' हेच उत्तर येतं.

इथं दोन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली गिऱ्हाइकाच्या फिक्स्चर, गेज आणि पॅटर्नबाबत, म्हणजे त्याचा जॉब धरायच्या, मोजायच्या आणि ओतायच्या साधनांबाबत. चार वर्षं ऑर्डर आली नसली तरी ती मालमत्ता गिऱ्हाइकाची आहे, त्याच्या लेखी होकाराशिवाय भंगारात जाता कामा नये. किटमध्ये सगळेच टॅग लाल, म्हणून या वस्तूंना वेगळ्या रंगाचं कार्ड घरीच कापून लावा. दुसरी चूक भंगार विकताना होते. लोखंडी टर्निंग, बिडाचं बोरिंग (दोन्ही मशिनवर निघणारा कीस) आणि ॲल्युमिनियम एकाच पिंपात गेलं की भंगारवाला सगळ्याला खालच्या मालाचा भाव लावतो. तीन पिंपं आणि तीन लेबलं ठेवली की भागलं. जाता जाता एक गोष्ट, जी किटच्या पुस्तिकेत कुठंच नाही: पहिल्या भंगाराचे पैसे शेडमध्येच दिसले पाहिजेत. एलन-कीचे (षटकोनी चाव्यांचे) चार नवे सेट, एखादा पंखा, पाण्याचा फिल्टर, काहीही चालेल. ते पैसे ऑफिसच्या गल्ल्यात गेले, तर पुढच्या महिन्यात टॅग लावायला कुणाचा हात उचलत नाही.

टेपचा हिशोब विक्रेता करत नाही, म्हणून आम्ही केला. मधल्या रस्त्याच्या दोन्ही बाजू ५०-५० फूट, म्हणजे १०० फूट. प्रत्येक मशिनभोवती १० बाय ८ फुटांची चौकट ३६ फुटांची, आठ मशिनांची २८८ फूट. एकूण ३८८ फूट, म्हणजे ११८ मीटर. किटमध्ये टेप ६६ मीटर. सरळ भाषेत, अर्ध्या शेडला पट्टी लागते आणि रोल संपतो. नवा रोल येईपर्यंत उरलेला अर्धा भाग 'आपल्यात नाही' असं सगळ्यांच्या मनात पक्कं होतं, आणि शेडमध्ये दोन गावं तयार होतात. यावरचा तोडगा सोपा आहे. चौकट पूर्ण आखू नका, फक्त चार कोपऱ्यांत सहा-सहा इंचांचे काटकोन लावा. प्रत्येक मशिनला चार फूट टेप, आठांना ३२ फूट, रस्त्यासकट १३२ फूट, म्हणजे ४० मीटर. दोन रोलांत भागून २६ मीटर दुरुस्तीला उरते.

आणि दुरुस्ती लागणारच. कूलंट (कापताना सोडायचं थंडाव्याचं पाणी) सांडतं त्या मशिनपाशी टेपची कड आधी उचलते, मग तिच्याखाली धातूच्या बारीक चिप्स शिरतात, मग ट्रॉलीचं चाक ती ओढून नेतं. लावण्याआधी जागा डिटर्जंटनं घासून तेल काढायचं, पूर्ण वाळू द्यायची, टेप न ताणता चिकटवायची, वरून रोलर किंवा लाकडी ठोकळा दाबून फिरवायचा आणि त्या जागेवरून दिवसभर ट्रॉली न्यायची नाही. घाईत यातली पहिली पायरीच गळते आणि दोष टेपवर जातो. कोब्याची धूळ सुटत असेल तर कुठलीच टेप टिकणार नाही.

तरीसुद्धा पहिल्याच दिवशी रंग मारू नका, टेपच लावा. मांडणी पहिल्या सहा-आठ आठवड्यांत किमान दोनदा बदलते: कटिंगच्या मशिनपाशी रॉडचा स्टँड येतो, तपासणीचं टेबल उजेडाकडं सरकतं. रंगानं आखलेलं चुकलं की लोक रेषेचा मान ठेवणं सोडून देतात, आणि तो एकदा गेला की बाकीच्या रेषाही नुसतं रांगोळीचं काम करतात. आठ आठवडे जी रेषा हलली नाही तिच्यावर मग दोन भागांचा इपॉक्सी रंग द्या, दोन हात. चालण्यापुरता तो साधारण दिवसभरात वाळतो, जड वाहतुकीला पुरता पक्का व्हायला आठवडा धरा. पावसाळ्यात जमीन दमट असते, तेव्हा हे काम काढूच नका.

हत्यारांचा दोन रंगी फोम दिसायला किटमध्ये सगळ्यात देखणा, आणि टिकायला सगळ्यात कच्चा. कापलेल्या खाचेत चिप्स रुतून बसतात, तेलकट हातांनी रंगातला फरक दोन महिन्यांत मावळतो. फोम मोजमापाच्या हत्यारांसाठी ठेवा, व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज, जी स्वच्छ टेबलावर राहतात. पाने आणि एलन-कीसाठी जाड प्लाय किंवा पत्रा, त्यावर हत्याराची रंगवलेली आकृती आणि हुक हेच चांगलं. कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडं एका दिवसात होतं.

पण हत्यारांचा बोर्ड बंद पडण्याचं खरं कारण फोमही नाही आणि प्लायही नाही. आकृती रिकामी राहते तेव्हा बोर्ड मरतो. ५ आणि ६ मिमीची एलन-की टोकाला गोल झाली की कुणीतरी ती फेकतो. नवी यायला आठ दिवस लागतात, तेवढ्यात शेजारच्या मशिनची की उचलली जाते, आणि दोन आकृत्या रिकाम्या होतात. महिनाभरानं अर्धा बोर्ड रिकामा असतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. म्हणून नियम असा करा: हत्यार नेणाऱ्यानं त्या हुकावर आपल्या नंबरचा बिल्ला लावायचा. हत्यार मोडलं तर बिल्ल्याऐवजी तारीख टाकलेलं लाल कार्ड. लाल कार्ड दोन दिवसांपेक्षा जुनं झालं तर चूक ऑपरेटरची नाही, स्टोअरची. झिजणाऱ्या हत्यारांचा एक जादा सेट कुलपात असलाच पाहिजे. गोल झालेलं टोक ग्राइंडरवर थोडं कापलं की पुन्हा षटकोनी कडा मिळतात, तेवढ्यात दोन दिवस निघतात. किटमध्ये बिल्ले नाहीत. देखणा फोम देऊन बिल्ले न देणं म्हणजे देव्हारा देऊन निरांजन विसरणं.

पोस्टरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. खाली मराठीत निवड, मांडणी, सफाई, प्रमाणीकरण, शिस्त. पाचव्या शब्दाचं 'शिस्त' हे भाषांतर चुकीचं नाही, पण आपल्याकडं शिस्त म्हटलं की दंड आठवतो. त्या जपानी शब्दाचा रोख मात्र न सांगता होणाऱ्या सवयीवर आहे. पोस्टर ऑफिसात लावा. मशिनपाशी ए-फोर आकाराचा लॅमिनेट केलेला एक फोटो लावा: हे मशिन पाळी संपताना असं दिसलं पाहिजे. हे काम पोस्टरपेक्षा कितीतरी पटीनं उपयोगी पडतं.

ऑडिट तक्ता म्हणजे या किटची मोठी चूक. ५० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, महिन्यातून एकदा. नीट भरायला दोन तास लागतात, म्हणून तो नीट भरला जात नाही. तारीख आधी माहीत असते, म्हणून आदल्या संध्याकाळी आवराआवर होते. गुण सत्तरवरून बहात्तरवर गेले, तर पुढं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नसतं. आकडा कसा असावा ते सांगलीकरांना वेगळं शिकवायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं. 'पाणी कितीवर हाय?' एवढं विचारलं की कुणी काय हलवायचं ते गल्लीगल्लीत ठरलेलं असतं. तिथं आकड्यामागं कृती बांधलेली आहे. ऑडिटच्या गुणांमागं ती नाही.

ते ५० प्रश्न बाजूला ठेवा. दहाच घ्या, 'हो' किंवा 'नाही' अशा उत्तरांचे: रस्त्यावर काही ठेवलंय का, बोर्डावर बिल्ल्याविना रिकामी आकृती आहे का, मुदत उलटलेला टॅग आहे का, मशिनपाशी चालू जॉबच्या ड्रॉइंगखेरीज दुसरं ड्रॉइंग आहे का, असे. आठवड्यातून एकदा, न सांगता, शेडच्या एकाच भागात, १५ मिनिटं. दहापैकी आठ किंवा जास्त ठीक निघाले तर बरं. सात किंवा सहा म्हणजे इशारा, सुपरवायझरनं त्याच पाळीत दुरुस्त करायचं. पाच किंवा खाली म्हणजे धोका, त्या भागातलं एक मशिन अर्धा तास बंद आणि मालक स्वतः तिथं हजर. अर्धा तास उत्पादन थांबवायची तयारी नसेल तर पाचची रेघ आखूच नका. खोटी रेघ नसलेलीच बरी.

आता '२१ दिवसांचं चॅलेंज'. हा आकडा आला कुठून? मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६० मध्ये लिहिलं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला किमान साधारण २१ दिवस लागतात. त्यातलं 'किमान' पुढं गळालं आणि चेहऱ्याच्या जागी जगातली प्रत्येक सवय आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे रोज एकच नवी कृती करायला लावून मोजणी केली. निष्कर्ष 'युरोपियन जर्नल ऑफ सोशल सायकॉलॉजी'च्या २०१० च्या अंकात छापून आला: कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस. पसारा मात्र १८ पासून २५४ पर्यंतचा, त्यात बारा आठवड्यांपलीकडचे आकडे गणितानं काढलेला अंदाज. पाण्याचा पेला पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर बसते, व्यायामासारखी अवघड उशिरा. आणि एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही.

म्हणजे किटचा कागद नेमका अर्धवट जागी संपतो. बाविसाव्या दिवशी भिंतीवर काहीच नसतं, लोक समजतात झालं. त्याऐवजी १३ आठवड्यांचा, ९१ घरांचा कागद लावा आणि त्यात एकच कृती धरा. पाच नकोत. सुरुवात कधी करता तेही बघा. दसऱ्याच्या मुहूर्तावर केली तर विसाव्या दिवशी दिवाळीची सुट्टी येऊन आदळते. जानेवारीत केली तर ६६ वा दिवस मार्चच्या पहिल्या आठवड्यात येतो, आणि पुढं मार्चएंडचं डिस्पॅच. उन्हाळ्यात यात्रा आणि लग्नं, जूनमध्ये पेरण्या, आणि साखर कारखान्यांच्या ओव्हरहॉलिंगची कामं असतील तर पावसाळाभर श्वास घ्यायला वेळ नाही. त्यातल्या त्यात बरी वेळ म्हणजे भाऊबीजेनंतरचा, माणसं गावाहून परतल्यावरचा पहिला सोमवार. नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू केलं तर जानेवारीच्या विशीत ६६ दिवस भरतात आणि फेब्रुवारीच्या मध्याला कागद संपतो.

सुट्ट्या येणारच, म्हणून सुट्टीनंतरचा दिवसही कागदावर आधीच छापून घ्या: पहिला अर्धा तास फक्त मशिन आणि जागा फोटोसारखी करायची, मग मशिनचा स्पिंडल फिरवायचा. गाडी थांबते ती चुकलेल्या एका दिवसानं नव्हे. सुट्टीनंतर 'पुन्हा कधी सुरू करायचं' हे कुणीच सांगत नाही, तिथं ती थांबते.

कृती कुठल्या खुणेला बांधायची हेही ठरवून द्यावं लागतं. 'रोज सफाई करणे' हे वाक्य निरुपयोगी. 'शेवटचा जॉब उतरला की हात धुण्याआधी चिप्स पिंपात आणि चाव्या बोर्डावर', हे चालतं. वेळ दहा मिनिटं, आणि ती पाळीच्या आतली. भोंगा झाल्यावरची नव्हे. नगावर काम करणाऱ्या ऑपरेटरच्या बाबतीत तर हा मुद्दा सगळ्यावर पाणी फिरवू शकतो. ४८० मिनिटांच्या पाळीत दहा मिनिटं म्हणजे दोन टक्क्यांपेक्षा किंचित जास्त. एका नगाला चार मिनिटं लागत असतील तर अडीच नग. ते अडीच नग दरात धरून दिले नाहीत तर सफाईचा खर्च ऑपरेटरच्या खिशातून जातो, आणि दुसऱ्या महिन्यात सफाई आपसूक थांबते. आळशी कुणी नसतं, हिशोब सगळ्यांना येतो. किटच्या पुस्तिकेत याबद्दल एक ओळही नाही.

किटमधला पांढरा बोर्ड चांगला आहे, फक्त त्यावर आधी-नंतरचे फोटो चिकटवून त्याचं देऊळ करू नका. चार रकाने आखा: काल काय राहिलं, कुणाकडं, कधीपर्यंत, झालं का. पाळी सुरू होताना उभ्यानं दहा मिनिटं. सात ओळींपेक्षा जास्त नकोत, आणि तीच ओळ तीन दिवस राहिली की ती सुपरवायझरकडून मालकाकडं जाते. मार्कर दोरीनं बांधून ठेवा. हसण्यावारी नेऊ नका, मार्कर सापडला नाही म्हणून बंद पडलेल्या बोर्डांची संख्या कमी नाही. मालक गावात नसला तरी ही दहा मिनिटं चुकू नयेत. मालक असेल तेव्हाच होणारी मीटिंग ही मालकाची सवय असते, शेडची नव्हे.

तर हा किट घ्यावा का? पंधरापेक्षा कमी माणसं असतील तर पूर्ण किट नको. टॅग, टेप आणि बोर्ड सुटे घ्या. तिन्ही वस्तू सांगलीच्या बाजारात मिळतात आणि टॅग तर कुठलाही छापखाना तुमच्या रकान्यांसकट छापून देईल. माणसं जास्त असतील, दोन पाळ्या असतील, तर तयार सामान एकदम मिळण्याची सोय मोलाची आहे. पण पाच आकडी किंमत सांगत असतील तर त्यात फोम आणि पोस्टरचेच पैसे जास्त आहेत असं समजा. सल्लागार हवाच असेल तर आधी केंद्र सरकारची एमएसएमई लीन योजना, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांतला अपव्यय कमी करायची योजना, बघा. मार्च २०२३ मध्ये ती सुरू झाली तेव्हा मार्गदर्शनाच्या खर्चाचा ९० टक्के वाटा सरकार उचलेल असं ठरलं होतं. उद्यम नोंदणी लागते. सध्याच्या अटी जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या.

किट घ्यायचाच ठरला तर घासाघीस किमतीवर करू नका, ट्रेनिंगवर करा. अर्धा दिवस सलग नको म्हणावं. पहिल्या दिवशी दोन तास आणि दहाव्या आठवड्यात दोन तास. दुसऱ्या भेटीत त्यानं स्लाइड दाखवायच्या नाहीत, वहीतले मुदत उलटलेले टॅग आणि बोर्डावरची लाल कार्डं मोजायची. बिलातला थोडा हिस्सा त्या भेटीपर्यंत राखून ठेवा. दहाव्या आठवड्याला यायला जो विक्रेता कां-कूं करतो, त्याच्याकडून फक्त टेप घ्या.